शेवटच्या ओळीतली म्हातारी

सहाव्या वर्षी वारलेल्या एका मुलीला मी नऊ लेकरांची आई केलं. मुलगी अमेरिकेतली, दीडशे वर्षांपूर्वीची. मी उस्मानपुऱ्यात, मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या मजल्यावर खुर्चीत बसलेला. आम्हा दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं, पण मी पाडली. त्या चुकीचा दगड तिकडं एका कबरीवर बसला आणि इकडं दोष साळवे मॅडमच्या माथी बसला. मी गप्प राहिलो. हा गप्प राहण्याचा भाग चुकीत मोडत नाही. त्याला दुसरं नाव आहे, ते वाचणाऱ्यानं आपलं आपण द्यावं.

लिहायचंय ते साळवे मॅडमबद्दल. माझ्याबद्दल लागेल तेवढंच लिहितो.

आमच्या ऑफिसचं काम सांगितलं की लोकांना खरं वाटायचं नाही. आपले पूर्वज शोधून घेण्यासाठी पैसे मोजणारी माणसं अमेरिकेत आहेत. त्यांच्यासाठी तिकडची एक कंपनी जुन्या हातानं लिहिलेल्या कागदांचे फोटो आम्हाला पाठवायची. जनगणनेच्या याद्या, चर्चमधल्या लग्नाच्या नि बाप्तिस्म्याच्या वह्या, कबरींवरचे दगड. आम्ही चाळीस जण ते वाचून टाईप करायचो. स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं तर डोकं खाजवणारी आम्ही चाळीस माणसं परक्यांच्या पणज्या हुडकत होतो. मालक बोरसे सर दर सोमवारी सांगायचे, "आपण इतिहास घडवतोय." घडवतच होतो. तोच तर घोटाळा होता.

एकेक पान दोघांनी वेगवेगळं टाईप करायचं. जुळलं तर पुढं जायचं, नाही जुळलं तर तिसऱ्या माणसाकडं. तिसऱ्यानं सांगितलं ते कायम. ते तिसरं माणूस म्हणजे साळवे मॅडम. मी टीम लीडर होतो, म्हणजे हुद्द्यानं त्यांच्या वर आणि वाचण्यात त्यांच्या निम्मा.

शकुंतला साळवे आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांची साठी उलटली होती. अजिंठ्याकडच्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. विनाअनुदानित, म्हणजे निवृत्तीला शाल, नारळ आणि बस. पेन्शन नाही. नवरा आधीच गेलेला. काटकुळ्या, ताठ, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. खांद्याला कापडी पिशवी, त्यात डबा, एक भिंग आणि दोनशे पानी वही. मुलाखतीत बोरसे सरांनी विचारलं, "कंप्युटर येतो का?"

"नाही येत. वाचता येतं," त्या म्हणाल्या. "कंप्युटर येणारे तुमच्याकडं चाळीस दिसतायत. वाचता येणारं कोण हाय?"

सरांनी त्यांच्यासमोर एक पान ठेवलं. दोन महिने आमच्याकडं पडून होतं, कुणाला लागत नव्हतं. मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचून काढलं आणि वर विचारलं, "चहा मिळतो का इथं? का तो पण अमेरिकेतून यायचाय?"

चहा आला. एक घोट घेऊन त्यांनी कप बाजूला सारला, आणि पुढची पाच वर्षं आमच्या ऑफिसचा चहा तोंडाला लावला नाही.

स्क्रीनला भिंग लावून त्या वाचायच्या. पोरं हसायची. "मॅडम, झूम करा ना!"

"झूम केल्यानं अक्षर फुगतं रे. फुगलेलं माणूस वळखू येतं का?"

अक्षर अडलं की भिंग ठेवून त्या हवेत बोट फिरवायच्या. लिहिणाऱ्याचा हात कसा फिरला असेल ते आपल्या बोटानं करून बघायच्या. तीन-चारदा बोट फिरलं की शब्द सुटायचा. "डोळ्यानं वाचू नका," त्या सांगायच्या, "डोळा त्याला पाहिजे ते बघतो." तिकडचे मेलेले कारकून त्यांच्या घरच्यासारखे झाले होते. "हा जेवून बसलाय. दुपारनंतरच्या ओळी बघ कशा आडव्या पडल्यात." "ह्याची बायको रुसलेली हाय, निब मोडंस्तोवर दाबतोय." एका कारकुनाचं नाव त्यांनी आळशी ठेवलं होतं. त्याच्या पानांवर एका घरात आठ लेकरं, आठांचीही वयं सम आकड्यांत. "पाळण्याला असा नियम असतो व्हय? ह्यानं दारातूनच विचारलं. घरातल्या बाईला विचारलंच नाही." पुढं दुसऱ्या कागदांशी ताडून पाहिलं तर आळशाची निम्मी वयं चुकीची निघाली.

अमेरिकन गिऱ्हाइकांवर त्यांचा विशेष राग. "सगळ्यांना पूर्वज म्हणून सरदार पाहिजे. नाहीतर कॅप्टन. नाहीतर पाद्री तरी. अरे, मग तिकडं ढोरं कुणी राखली? भांडी कुणी घासली? ती माणसं पोरं न होताच मेली का?" गिऱ्हाईक इंग्रजीत उसासे टाकून पत्रं लिहायचं, मॅडम ती मोठ्यानं वाचायच्या आणि अख्खं ऑफिस खिदळायचं. मीही.

त्यांच्या वहीला आम्ही दुरुस्ती वही म्हणायचो. त्यात त्यांनी पट्टीनं तीन रकाने आखले होते. नाव, चूक, कारण. ज्यानं चूक केली त्यानं स्वतःच्या अक्षरात तिन्ही भरायचे. शिक्षा काही नाही, फक्त लिहायचं. पण तिसऱ्या रकान्यावर त्या अडून बसायच्या. कुणी लिहिलं, "अक्षर खराब." त्या म्हणायच्या, "अक्षर त्याचं खराब. चूक तुझी. कारण लिही." कुणी लिहिलं, "घाई." त्यावर तर त्या वही मिटूनच घ्यायच्या.

"घाई कारण नसतं. घाईत माणूस जे धरून चालतो ना, ते कारण असतं."

आमच्या राठोडनं एकदा एका पानावर घरप्रमुख बाईचं लिंग बदलून पुरुष केलं. तीन दिवस त्याला मॅडमनी वहीपुढं बसवला. शेवटी वैतागून त्यानं लिहिलं, "बाई घरची प्रमुख असूच शकत नाही असं वाटलं." मॅडमनी ते भिंगातून वाचलं आणि मान हलवली. "आता बरोबर लिहिलंस. जा, जेव."

बोरसे सरांच्या केबिनमध्ये त्यांच्या घराण्याची वंशावळ होती, फ्लेक्सवर छापलेली. मोठा वड, आणि पारंब्यापारंब्यांवर अकरा पिढ्यांची नावं. नवं माणूस आलं की सर ते दाखवायचे. मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड वाचलं. केबिनमध्ये आम्ही चार जण उभे होतो.

"छान आहे सर," त्या म्हणाल्या. "फक्त ह्या झाडावर एकसुद्धा बाई नाही. बाप्ये ह्या फांदीवरून त्या फांदीवर आपोआप उगवत गेले का?"

सर म्हणाले, "अहो मॅडम, पद्धत आहे ती."

"व्हय, पद्धतच हाय. पण मग तुम्ही अमेरिकेला काय शोधून देणार? तिथली माणसं विचारतात, माझ्या आजीची आई कोण. तुमच्या झाडाला तर आईच नाही."

सर त्या दिवशी हसले. पण हे त्यांनी मनात ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. पुढं मला ते उपयोगी पडलं.

एकदा राठोडनं विचारलं, "मॅडम, तुमचं झाड?" त्या डबा उघडत होत्या. ज्वारीची भाकरी नि ठेचा घेऊन त्या रोज खिडकीशी, रस्त्याकडं तोंड करून, एकट्या जेवायच्या. "आमचं झाड कुंडीतलं," त्या म्हणाल्या. "आजोबाच्या मागं कागदच नाही. गावानं आमची नावं कधी लिहिली नाहीत, कामं लिहिली. दीक्षेनंतर बाबा सही शिकला. ती आमची पहिली ओळ." आणि भाकरी मोडली. त्यात रडगाणं नव्हतं. रडगाण्याचा त्यांना तिटकारा होता.

त्या मुकुंदवाडीत लेकीकडं राहायच्या. मुलगा नव्हता. हे कळलं तेव्हा मी विचारलं होतं, "म्हणजे जावयाच्या घरी? अवघडल्यासारखं होत नाही, मॅडम?"

चाळीशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, पदवीधर माणूस मी. आणि हे मी चारचौघांत विचारलं.

"अवघडतं ना," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्यांमुळं जास्त अवघडतं. म्हणून तर इथं येते, लीडर. संध्याकाळी घरी गेलं की जावई विचारतात, आई, आज काय वाचलं? मग मी सांगते. लेक, जावई, नात, सगळे ऐकतात. त्या घरात मी फुकट बसलेली म्हातारी नाही. मी वाचणारी हाय."

हे वाक्य मी ऐकलं होतं. म्हणजे पुढं जे केलं ते न कळता केलं असं मला म्हणता येत नाही.

मग वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं काम आलं. ऐंशी ओलांडलेला माणूस, पत्र अगदी अदबीचं. त्याच्या खापरपणजीचं नाव मार्था. नवऱ्याबरोबर, जेकब ड्रेटनबरोबर, ती बैलगाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडं गेली. नऊ लेकरं झाली. तिकडच्याच एका वस्तीत वारली. तिच्या कबरीवरचा दगड झिजलाय, उन्हाळ्यात सगळं घराणं जमणार आहे, तेव्हा नवा दगड बसवायचाय. त्यावर तिच्या आईबापाचं नाव पाहिजे. पत्रात एक वाक्य होतं. "ती आमच्या सगळ्यांची आई आहे, आणि तिची आई कोण, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही."

मॅडमनी ते पत्र मोठ्यानं वाचलं नाही. घडी घालून वहीत ठेवलं.

पंधरा दिवस त्या मार्थाच्या मागं लागल्या. जनगणनेच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढं जन्माचं ठिकाण असतं. मॅडमनी नऊ लेकरांची ठिकाणं एकाखाली एक लिहिली आणि मला दाखवली. "हे बघ. पहिली तीन पूर्वेला. चौथं मधल्या मुलखात. पाचवं त्याच्याही पुढं, जिथं तेव्हा धड गाव नव्हतं. बाकीची पश्चिमेला. हा बाईचा रस्ता. दर मुक्कामाला एक बाळंतपण."

मग त्यांनी यादीतलं ते घर दाखवलं. जेकब, मार्था, मग लेकरं, आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, हॅना कोल्बी, वय एकाहत्तर. घरप्रमुखाशी असलेल्या नात्याच्या रकान्यावर शाई सांडलेली. आमच्या एका मुलानं तिथं आई वाचलं होतं, दुसऱ्यानं सासू. मॅडमनी हवेत बोट फिरवलं, आणि निकाल दिला. सासू. जेकबची सासू, म्हणजे मार्थाची आई.

"आडनाव वेगळं हाय. पहिल्या पोरीचं नाव हॅना ठेवलंय. आणि सांग मला, रस्त्यावर ही बाळंतपणं कुणी केली असतील? लोक बाळंतपणाला माहेरी जातात. हिनं माहेर गाडीत घालून नेलं." त्यांनी भिंग शेवटच्या ओळीवर नेलं. "साठीची बाई बैलांमागं चालत गेली असंल. आणि मिळालं काय, तर शेवटची ओळ. त्यावर पण शाई सांडली."

आता माझं. त्या आठवड्यात माझ्या घरी भांडण चालू होतं. माझी बायको मंगल, तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. भावाच्या घरी तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, म्हणून मंगल म्हणत होती, आईला आपल्याकडं आणूया. मी म्हणत होतो, "जावयाच्या दारात म्हातारी आणून बसवतेस? गाव काय म्हणंल?" हे भांडण मी डोक्यात घेऊन ऑफिसला यायचो, आणि अमेरिकेतली एक म्हातारी आपल्या जावयाच्या घरात आयुष्यभर राहिली असं मॅडम मला सांगत होत्या. मला ते पटेना. म्हातारी घरात असते ती पोराच्या. जेकबची आई असणार. आडनाव वेगळं? नवरा मेल्यावर दुसरं लग्न केलं असेल, तिकडं करतात. मला कुणी विचारलंही नव्हतं, तरी मी माझ्यापाशी अशी उत्तरं देत होतो.

शुक्रवारी अहवाल जायचा होता. दुपारी मॅडम खिडकीशी जेवत होत्या. त्यांचा कंप्युटर उघडाच होता. मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि सासू काढून आई केलं. त्यांच्या नावावर, त्यांच्या पाठीमागं, त्या भाकरी खात असताना. मग मार्थाचे आईबाप रिकामे राहिले, ते तर भरायलाच हवेत. मी शोधलं. पूर्वेच्या एका परगण्यात एका कॅप्टनच्या घरात मार्था नावाची मुलगी सापडली, जन्माचं साल जुळणारं. गिऱ्हाइकाला कॅप्टन मिळतोय, मालक खूश, मी मोकळा. अर्ध्या तासात मी त्यांच्याच नावावर अहवाल पाठवून दिला.

वॉल्टरचं उत्तर इतकं आनंदाचं आलं की बोरसे सरांनी ते छापून भिंतीला लावलं. उन्हाळ्यात फोटो आला. नवा दगड, भोवती साठ-सत्तर माणसं, दगडावर कोरलेलं, कॅप्टन अमक्यांची मुलगी. सरांनी तो वडाच्या शेजारी लावला. मॅडमनी फोटोला भिंग लावलं.

"कॅप्टन?" त्या माझ्याकडं वळल्या. "आणि हॅना?"

"ती जेकबची आई निघाली, मॅडम. नवा पुरावा मिळाला."

"दाखव. माझं चुकलं असंल तर वहीत मी लिहिते."

"उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागितला. तिसऱ्या दिवशी मागितला. चौथ्या दिवशी मागितला नाही. नुसतं माझ्याकडं बघून भिंग पुसलं.

चार महिन्यांनी अमेरिकेतून तक्रार आली. त्या कॅप्टनच्या घराण्यातल्या कुणीतरी तो दगड पाहिला होता. त्यांची मार्था सहाव्या वर्षी तापानं गेली. तिची छोटी कबर अजून आहे, वर दगडात कोरलेलं कोकरू आहे. त्याचाही फोटो पाठवला होता. तिकडच्या कंपनीनं विचारलं, हा निर्णय कुणाचा?

सरांनी सगळ्यांसमोर नोंद उघडली. पडद्यावर आलं, हॅना कोल्बी, नातं आई, निर्णय एस. साळवे.

"हे माझं वाचन नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग यंत्र खोटं बोलतंय का?" सरांनी विचारलं. वडाचा हिशेब चुकता करायला ते बरेच दिवस थांबले होते.

"यंत्र नाही," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडं पाहिलं.

मी पडद्याकडं पाहत होतो. फार लक्ष देऊन पाहत होतो, जसं काही तिथं अजून एखादी ओळ सापडणार आहे. सर म्हणाले, "लीडर, तुम्हाला काही माहिती?" मी म्हणालो, "बघावं लागेल, सर." आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी भेकडपणा केलाय, पण इतक्या सभ्य शब्दांत कधी केला नव्हता.

सरांनी मॅडमना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मॅडमनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी उपयोग झाला नसता, आणि हे त्यांनाही कळलं असावं. भिंग पिशवीत टाकलं, डबा टाकला. वही मात्र टेबलावर तशीच ठेवली. दाराशी राठोड आडवा आला, "मॅडम, नका ना जाऊ." त्याला म्हणाल्या, "बाजूला हो रे. इथं आता वाचायला काही राहिलं नाही." खालच्या दुकानात कुणीतरी मोटारसायकलचा हॉर्न वाजवून बघत होतं. त्या आवाजात त्या जिना उतरल्या.

वही मी घरी नेली. कपाटात कपड्यांखाली ठेवली. त्यानंतर दोन वर्षांनी ऑफिस बंद पडलं. आता ती पानं यंत्रच वाचतं म्हणे. बोरसे सर जमिनीच्या धंद्यात गेले. माझ्या सासूबाई मुलाकडंच वारल्या. शेवटी त्यांच्या अंगाला जखमा झाल्या होत्या. मंगल मला त्याबद्दल काही बोलली नाही. अजून बोललेली नाही.

आज माझं जालना रोडच्या एका गल्लीत ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ रेशन कार्डाचं केवायसी करायला आले. चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला, साधे, बोलके. मी त्यांचं कार्ड उघडलं. प्रकाश वाहुळे, कुटुंबप्रमुख. खाली बायको, मुलगी. आणि सगळ्यात शेवटच्या ओळीत, शकुंतला साळवे. नातं, सासू.

माझा हात थांबला. वाहुळ्यांना वाटलं सर्व्हर गेला.

"त्यांचा अंगठा उमटत नाही हो," ते म्हणाले. "झिजलाय. सासूबाई माझ्या. लई हुशार बाई. उस्मानपुऱ्यात अमेरिकेचं वाचायच्या कंप्युटरवर. मग काहीतरी चुकलं त्यांच्याकडून, काढून टाकलं. तेव्हापास्नं गप्पच झाल्यात. मी विचारायचो ना, आई, आज काय वाचलं? आता विचारायची सोय नाही. पेपरसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतात. म्हणतात, माझं वाचन राहू द्या."

मी त्यांना म्हणालो, "येत्या रविवारी मी घरी येऊन करून देतो." त्यांनी दोनदा आभार मानले.

त्याच रात्री मी, वहीत घडी घालून ठेवलेल्या त्या पत्रातल्या, वॉल्टरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, आणि रविवारी सकाळी वही घेऊन मुकुंदवाडीला गेलो. स्टेशनच्या अलीकडं, रुळांना लागून घर. पुढच्या खोलीत वाहुळे आणि त्यांची मुलगी. मॅडम आतल्या खोलीत, खिडकीपाशी खाटेवर, रस्त्याकडं तोंड करून. मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी मान वळवली. केस सगळे पांढरे झाले होते. घड्याळाची तबकडी अजून आतल्या बाजूलाच.

"लीडर," त्या म्हणाल्या. "जाडा झालास."

मी वही पुढं केली.

"आणि वही चोरलीस व्हय माझी?"

"ठेवली होती, मॅडम."

"ठेवली होती म्हणं. दे इकडं."

शेवटच्या पानावर मी घरूनच भरून आणलं होतं. नाव, चूक. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता. त्यांनी उशीखाली हात घालून भिंग काढलं. म्हणजे ते त्यांनी टाकलं नव्हतं. पान डोळ्याजवळ नेलं, आणि वही मिटली.

"घाई," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं माझ्याजवळ बसलास, अन् घाई लिहून आणलंस. पेन हाय का?"

"मॅडम, मी माफी मागायला..."

"माफी नको मला. माफी मागून तू हलका होणार, मला काय त्याचं? त्या म्हातारीचं काय केलं?"

"तिकडं पत्र लिहिलंय. हॅना कोल्बी हीच मार्थाची आई, वाचन शकुंतला साळवेंचं, बदल मी केला, असं."

"उत्तर?"

"अजून नाही."

"वॉल्टर राहिला नसंल. दुसरं कुणी वाचंल." त्या उठल्या. भिंतीला धरत पुढच्या खोलीत आल्या आणि वाहुळ्यांच्या खुर्चीसमोरच्या पलंगावर बसल्या. "प्रकाशराव, टीव्ही बंद करा. हे तुमच्यासमोर होऊ द्या. लीडर, खाली बस. इथंच लिही, अन् मोठ्यानं वाच."

मी फरशीवर बसून घाई खोडलं आणि लिहिलं. लिहायला वेळ लागला. नात माझ्या खांद्यावरून बघत होती. मग मी वाचायला लागलो, तेवढ्यात गाडी आली. खिडकीची काच, भांडी, सगळं थरथरलं. मी तसाच वाचत राहिलो, कारण त्या आवाजात वाचणं सोपं होतं. गाडी गेली. वाहुळे माझ्याकडं बघत होते, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. मॅडमना मात्र नेमकं कळलं होतं मी काय केलं ते.

"गाडीच्या आड लपू नको," त्या म्हणाल्या. "परत वाच."

मी परत वाचलं.

"नाव, सुधीर जाधव. चूक, साळवे मॅडमनी बरोबर वाचलेलं नातं त्यांच्या जागेवर बसून बदललं, आणि त्यांना काढलं तेव्हा गप्प बसलो. कारण, बायकोची आई जावयाच्या घरात मानानं राहू शकते हे मला मान्य नव्हतं, तिकडंही नाही आणि माझ्या घरातही नाही. नंतर नोकरीला भ्यालो. ह्या घरात ज्यांना वाटतं की शकुंतला साळवेंचं वाचन चुकलं, त्यांना सांगतो, ते चुकलं नव्हतं. मॅडम, मी तुमची माफी मागतो."